जुन्या अमेरिकी ठासणीच्या रायफलीचे दोन चाप कसे तपासावेत

नळी एक आणि चाप दोन! पेन्सिल्व्हेनियातली लाँग रायफल किंवा सेंट लुइसच्या हॉकेन बंधूंची रायफल पहिल्यांदा हातात घेणारा इथेच चक्रावतो. मागचा चाप ‘चढवायचा’, म्हणजे ओढून आतली स्प्रिंग ताणून ठेवायची, पुढच्याने बार काढायचा. लॉकची, म्हणजे घोडा पाडणाऱ्या यंत्रणेची, दमदार स्प्रिंग अडवून धरणारा खटका सोडवायला बोटाला जोर लावावा लागतो आणि त्या जोरानेच नेम ढळतो. म्हणून जर्मन कारागिरांनी चापाखाली आणखी एक स्प्रिंग बसवली. जोर ती लावते, बोटाने नुसतं टेकायचं. हीच युक्ती त्यांच्यासोबत अमेरिकेत पोचली.

चापाला हात लावण्याआधी नळी तपासा. गज, म्हणजे बार ठासायची काठी, तोंडातून तळापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, बाहेर काढून नळीला लावून धरा. गजाचं टोक कानाच्या, म्हणजे बत्तीच्या भोकाच्या, जवळपास यायला हवं. दोन-तीन इंच कमी पडलं तर आत ठासलेला बार असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. मग पुढचं काही करू नका, जाणकाराकडे द्या. टोपीची (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीवर चालणारी) रायफल असेल तर निपलवर, म्हणजे टोपी बसवायच्या बोंडावर, टोपी राहिलेली नाही ना, तेही बघा.

आता घोडा अंगठ्याने मागे ओढा. तो दोन ठिकाणी अडकून थांबतो: पहिला खटका अर्ध्यावरचा, दुसरा पूर्ण. काही रायफलींत मागचा चाप आधी चढवल्याशिवाय घोडा पूर्ण खटक्यावर थांबतच नाही. लॉक बिघडलं असं समजून जबरदस्ती करू नका, त्या चापांची रचनाच तशी असते. दुसऱ्या प्रकारात न चढवताही पुढच्या चापाने घोडा सुटतो, फक्त जोर जास्त लागतो.

मागचा चाप ‘खट्’ आवाज येईपर्यंत ओढा. घोडा अंगठ्याने घट्ट धरा, पुढच्या चापाला बोट लावा आणि घोडा हळूच खाली आणा. रिकाम्या निपलवर तो कधीही आपटू देऊ नका.

सगळ्यात नाजूक भाग लॉकच्या पोटात असतो. चढवलेला चाप घोडा अडवून धरणाऱ्या खटक्याच्या दांडीला फक्त क्षणभर टोला देतो. टोला संपला की दांडी लगेच जागेवर परतते आणि खाली येणाऱ्या घोड्याच्या अर्ध्या खटक्याच्या खाचेत अडकून तिचं टोक तुटू शकतं. ते होऊ नये म्हणून, घोड्यासोबत आत फिरणाऱ्या टंबलर नावाच्या चकतीत एक इवलासा तुकडा असतो. तो ऐन वेळी ती खाच झाकतो. इंग्रजीत त्याला ‘फ्लाय’ म्हणजे माशी म्हणतात. लॉक उघडताना तो निसटून फरशीवर पडतो आणि मग गुडघ्यांवर बसून शोधावा लागतो. खाली पांढरं कापड अंथरा.

लॉक काढताना घोडा अर्ध्या खटक्यावर ठेवा. पलीकडच्या बाजूचा स्क्रू (कधी दोन असतात) चार-पाच आटे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर लाकडी मुठीने हलकेच ठोका. लॉक आपोआप सरकतं. लॉकच्या धातूच्या पट्टीखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर दीडशे-दोनशे वर्षांच्या लाकडाची ढलपी निघणार, हे ठरलेलं.

पट्टीवरच्या नावावरून लगेच कारागीर ठरवू नका. बर्मिंगहॅमहून तयार लॉकं अमेरिकेत भरपूर येत. ‘केटलँड’ हे नाव त्यातलंच. रायफल घडवणाऱ्याची सही बहुधा नळीच्या वरच्या सपाट पट्टीवर सापडते.

दोन चापांच्या मधला छोटा स्क्रू संवेदनशीलता ठरवतो. आत फिरवला की चाप हलका होतो, जास्त फिरवला तर चढतच नाही. एका वेळी पाव आट्याहून जास्त नको. मग चाप चढवा, घोडा धरून ठेवा आणि दस्त्यावर तळहाताने थाप मारा. थापेने चाप सुटला तर स्क्रू पुन्हा बाहेर घ्या.