पाऊल, नजर, आवाज, कॅमेरा : पवित्र जागेतली मर्यादा कशी आखावी

फलक रंगवण्याआधी कागदावर ठरवा, नेमकं काय थांबवायचं आहे? पाऊल, नजर, आवाज आणि कॅमेरा या चार वेगळ्या बाबी आहेत. मंदिराच्या गाभाऱ्यापाशी दर्शन खुलं असतं, पाऊल बंद. कॅथलिक चर्चमधल्या कन्फेशनच्या, म्हणजे पापांची कबुली देण्याच्या कक्षात माणूस आत जातो, पण त्याचं बोलणं बाहेर जाता कामा नये. ओळख झाकायची सोय म्हणून धर्मगुरू आणि त्याच्यामध्ये पक्की जाळी असावी, असं चर्चचा कायदाच सांगतो. जपानमधल्या इसे इथं मुख्य देवालयाभोवती लाकडी कुंपणांच्या चार रांगा आहेत आणि भाविकाला बाहेरून छपराचाच काय तो भाग दिसतो. या तिन्ही ठिकाणी एकच ‘प्रवेश बंद’ची पाटी लावून भागणार नाही.

पावलासाठी उंबरा, पायरी किंवा कठडा पुरतो. सरकवता येणारे दोरीचे खांब टाळा. गर्दीत ते रोज थोडे थोडे आत ढकलले जातात आणि मूळ रेषा कुठे होती हे कुणालाच सांगता येत नाही.

नजर अडवायच्या जाळीत बऱ्याच चुका होतात. जाळीतून अंधाऱ्या बाजूच्या माणसाला उजळ बाजूचं दिसतं, उलट दिसत नाही. म्हणून आतला दिवा मंद आणि बाहेरचा प्रखर हवा. दिवसा चोख वाटणारी जाळी संध्याकाळी आतले दिवे लागले की उघडी पडते. तेव्हा तपासणी रात्रीच करा. गुळगुळीत पितळ आणि काचेच्या तसबिरींतलं प्रतिबिंबही बघा.

आवाज बहुधा दाराखालच्या फटीतून आणि छताच्या पोकळीतून निसटतो. आत एकाने नेहमीच्या आवाजात मजकूर वाचावा, बाहेर दुसऱ्याने ऐकू येतील ते शब्द लिहावेत. एखादा शब्द जरी कळला, तरी फटीला रबरी पट्टी लावा. तेवढ्यानं भागलं नाही तर दोन दारं आणि मध्ये छोटी मोकळी जागा, हा खात्रीचा उपाय.

कॅमेरा वाटेवर आणि दानपेटीवर असावा. कबुली, कपडे बदलणं, अंगस्नान यांवर कधीच नाही. अनेक कॅमेऱ्यांत मायक्रोफोन असतो, तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. चित्राचा काही भाग झाकायची सोय असेल तर ती वापरा, पण फिरत्या कॅमेऱ्यात तो कोपरा झाकलेलाच राहतो का, हे प्रत्येक दिशेला वळवून पाहा. चित्रण किती दिवस ठेवायचं आणि कोणी बघायचं, हे लेखी असू द्या. दुःखात मान खाली घालून बसलेल्या माणसाचं चित्रण मोबाइलवर फिरणं हा त्याच्यावरचा उघड अन्याय आहे.

सूचना रांगेच्या सुरुवातीला लावा, दारात नाही. तासभर उभं राहून परत फिरावं लागणं अपमानास्पद असतं. काय चालेल तेही लिहा: ‘दर्शन कठड्यापासून, फोन पेटीत.’ आणि आत जाण्याचा नियम सेवेच्या कामाशी जोडा: ज्याचं आत काम आहे, तोच आत जाईल. देणगीदाराला एकदा आत सोडलंत, तर पुढच्या प्रत्येकाला नाही म्हणायचा नैतिक आधार जातो.

चावी नावानिशी द्या, घेतल्या-दिल्याची वेळ वहीत लिहा. वायरमन किंवा सफाईवाला आत जाईल तेव्हा सोबत सेवेतला माणूस हवा. कुलूप मात्र असं निवडा की आतून चावीशिवाय उघडेल. दिवा, धूप आणि कापड जिथे एकत्र असतं, तिथे आग लागल्यावर आतल्या माणसाला बाहेरच्या चावीची वाट बघावी लागता कामा नये.