माशांची ऑन्टॉलॉजी मिळून बांधताय? या चुका टाळा

वसई ते वेंगुर्ला अशा किनाऱ्यावरच्या लोकांनी मिळून माशांची ऑन्टॉलॉजी, म्हणजे माशांचे प्रकार आणि त्यांची नाती संगणकाला कळतील अशी मांडणी, करायला घेतली, की पहिला वाद नावावरून होतो. मुंबईकर ‘पापलेट’ लिहितो, मालवणकर ‘सरंगा’. दोघंही आपापला वर्ग, म्हणजे त्या प्रकाराची नोंद, उघडतात आणि एका माशाच्या दोन नोंदी होतात. स्टॅनफर्डच्या वेबप्रोटेजे या मिळून ऑन्टॉलॉजी बांधायच्या ऑनलाइन साधनात वर्गाची ओळख त्याच्या आयआरआयवरून, म्हणजे फक्त त्याच्याच असलेल्या संगणकी पत्त्यावरून, ठरते, नाव हे फक्त लेबल. तेव्हा वर्ग एकच ठेवा आणि लेबलं हवी तितकी लावा. नाव सुधारायचं असेल तर लेबल बदला. वर्ग पुसून नवा केलात, तर जुन्याला जोडलेलं सगळं सुटतं.

खरी गोची उतरंडीत, म्हणजे कोणता वर्ग कुणाखाली यात, होते. हलव्याला बाजारात काळं पापलेट म्हणतात, म्हणून कुणीतरी तो पापलेटाखाली सरकवतो. पण हलवा कॅरँजिडी कुळातला, आणि २०२३ साली राज्य मासा ठरलेलं चंदेरी पापलेट स्ट्रोमॅटिडी कुळातलं. एकदा खाली घातला की पापलेटाबद्दलचं प्रत्येक विधान हलव्यालाही चिकटतं. वर्ग सरकवण्याआधी विचारा: प्रत्येक हलवा हा पापलेटच असतो का? बाजारातलं नाव पर्यायी लेबल म्हणून राहू द्या. बोंबील डोल जाळ्यात मिळतो म्हणून डोल बोंबलाखाली टाकणारेही असतात! तिथे उपवर्ग नको, ‘या जाळ्यात मिळतो’ असा गुणधर्म हवा.

‘एरर तर काहीच आली नाही’ यावर विसंबू नका. वेबप्रोटेजे रीझनर, म्हणजे विधानं तर्काने तपासणारा प्रोग्राम, चालवत नाही. फाइल उतरवून डेस्कटॉप प्रोटेजेत उघडा, हर्मिट हा रीझनर चालवा. वर्ग लाल दिसला तर त्यात एकही मासा बसू शकत नाही, म्हणजे विधानं एकमेकांना छेद देताहेत. मात्र हलवा आणि पापलेट परस्परवर्ज्य आहेत, म्हणजे एकच मासा दोन्ही असू शकत नाही, हे तुम्ही सांगितलंच नसेल, तर हर्मिटही गप्प बसेल.

सगळ्यांना संपादनाचा अधिकार देऊ नका. दोघा-तिघांना पुरे, बाकीच्यांना शेरे लिहू द्या. चर्चा व्हॉट्सॲपवर झाली तर पुढच्या वर्षी कारण कुणालाच आठवत नाही. ती त्या वर्गाच्याच शेऱ्यांत करा. कुणी काय बदललं ते इतिहासात दिसतं, नको तो बदल मागेही घेता येतो.

आणि मच्छीमारांशी बैठका जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ठेवा. पावसात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून उतरंडीची छापील प्रत सोबत न्या.