शिकवता शिकवता शिकायचंय? मग या चुका टाळा

दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं, हे सगळेच सांगतात. खरंही आहे, पण शिकवताना आपल्या डोक्याला काम पडलं तरच. बहुतेक जण नेमकं तेच टाळतात.

वही उघडी ठेवून शिकवणं

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण करणाऱ्याला ती मेहनत वाटते. वहीत बघत बघत समजावणं म्हणजे नुसतं मोठ्याने वाचणं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींनी टिपणं न बघता शिकवलं, तर काहींनी तयार मजकूर वाचून. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा न बघता शिकवणारे पुढे होते. कोणालाही न शिकवता फक्त आठवून काढणारेही तितकेच पुढे होते. म्हणजे फायदा होतो तो आठवायच्या धडपडीचा.

गणितात पैकीच्या पैकी मार्क आणणारा एक मुलगा धाकट्या बहिणीला अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होता. मी शेजारीच बसलो होतो. वहीत सोडवलेलं उदाहरण होतं: 3 भागिले 1/2. "दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. आले सहा." ती म्हणाली, "दादा, भागल्यावर उत्तर कमी व्हायला हवं ना? हे वाढलं कसं?" त्याने तोच नियम पुन्हा सांगितला, जरा आवाज चढवून. तिने मान डोलावली आणि हा "झालं" म्हणत उठायला लागला.

मी वही मिटली. म्हटलं, तीन मीटर फीत आहे, अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे किती निघतील ते हिला काढून दाखव. रेघा मारता मारता तोच थांबला. "अरे, म्हणजे तीनमध्ये अर्धे किती बसतात, असं विचारलंय!" नियम त्याला कधीपासून पाठ होता. गणित काय विचारतंय, ते त्या दिवशी कळलं, तेही बहीण अडून बसली म्हणून.

शिकवण्याआधी मी पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि कोऱ्या कागदावर सगळं आठवून मांडतो. जिथे अडखळलो तिथे फुली. पुस्तक उघडायचं ते फक्त त्या फुल्यांसाठी. नवशिक्यांना एवढा धीर नसतो. दुप्पट वेगाने व्हिडिओ बघायचा आणि लगेच शिकवायला बसायचं. बोलतातही छान, पहिला "का?" येईपर्यंत.

"समजलं ना?" असं विचारणं

याला "हो" सोडून दुसरं उत्तर येत नाही. शिवाय आपल्या डोक्यात जे स्पष्ट आहे ते समोरच्यापर्यंत पोचलंच, असं आपण धरून चालतो. 1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काहींना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर वाजवायला सांगितला. निम्म्या वेळा तरी ऐकणारे गाणं ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात 120 पैकी 3 गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या कानात पूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक.

म्हणून "आता तू मला सांग" म्हणायचं आणि गप्प बसायचं. समोरचा चाचपडत असतानाही मध्ये तोंड घालायचं नाही.

आणखी काही

"पूर्ण आलं की मग शिकवीन" म्हणून थांबू नका. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांच्या 2002 च्या अभ्यासात लोकांना कपड्यांची चेन (झिप), कुलूप यांसारख्या वस्तू कशा चालतात ते आपल्याला नीट माहीत आहे असं वाटत होतं. टप्प्याटप्प्याने लिहून काढायला लावल्यावर आपल्या समजेला आधी दिलेले गुण त्यांनी स्वतःच कमी केले. किती आलंय ते समजावायला बसल्यावरच कळतं.

समोरच्याच्या हातातली पेन्सिल किंवा माऊस काढून घेऊ नका. कधीच.

"शिकवलेलं 90 टक्के लक्षात राहतं" असं सांगणारं ते पिरॅमिडचं चित्र पुढे पाठवणं बंद करा. त्याचं मूळ म्हणून शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांची 1946 ची शंकूची आकृती दाखवतात, पण तिच्यात टक्केवारी नव्हतीच.

उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, बघून सांगतो" म्हणा. आणि खरंच बघा. उत्तर सापडलं की निरोप पाठवून मोकळं होऊ नका. समोर बसून, कागद न बघता सांगा.