काउंट चांगला आहे, तरी रिपोर्ट खालपर्यंत वाचा

सदाशिव पेठेतल्या लॅबमध्ये वीर्यतपासणी करून मला अठरा वर्षं झाली. रिपोर्ट न्यायला बहुतेक वेळा बायकोच येते. तिच्या पिशवीत स्वतःच्या सोनोग्राफीची जाडजूड फाइल असते, नवऱ्याची मात्र ही पहिलीच तपासणी. हे पाहून जीव तुटतो. मूल होत नसेल तर दोघांच्या तपासण्या एकदमच सुरू करा.

नमुना दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर, शक्यतो लॅबमध्येच द्या. हडपसरहून ट्रॅफिकमधून डबी आणण्यात तास जातो, शुक्राणू गार पडतात.

रिपोर्ट हातात आला की सगळे काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या बघतात. मिलिलिटरला १ कोटी ६० लाखांच्या वर असला की हायसं वाटतं. थांबा, मोटिलिटी (हालचाल) आणि मॉर्फॉलॉजीही (आकार) वाचा. गेल्या पावसाळ्यात एकाचा काउंट उत्तम होता, पण भिंगाखाली शुक्राणू जागचे हलत नव्हते. कुणाची शेपटी आखूड, कुणाची गुंडाळलेली, कुणाला शेपटीच नाही. अशा वेळी जनुकदोषाचा विचार व्हायलाच हवा. शेपटी हलते ती डाइनीन प्रथिनांच्या जोरावर. त्यांपैकी एकाचं जनुक, डीएनएएच१, बिघडलं की शेपटीची बांधणीच फसते. सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडून आली तरच हा दोष उमटतो. म्हणून तुमच्या आईवडिलांचं लग्न आते-मामे नात्यातलं असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. लहानपणापासून सर्दी-खोकला, सायनस असेल तर तेही सांगा; श्वासनलिकेतले केसही डाइनीनवरच हलतात.

शुक्राणूंच्या डोक्याचा आकारही विचारा. सगळी डोकी गोल असतील तर स्त्रीबीजात शिरायला लागणारी टोपी नसते, मग डीपीवाय१९एल२ हे जनुक तपासतात. डोकी मोठी आणि शेपट्या अनेक असतील तर एयूआरकेसी हे जनुक तपासल्याशिवाय इक्सी या गर्भधारणेच्या उपचाराला पैसे भरू नका, कारण त्या दोषात गुणसूत्रंच जादा असतात.

काउंट शून्य किंवा ५० लाखांच्या आत असेल तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय मायक्रोडिलीशन (वाय गुणसूत्राचा तुकडा गळलाय का, ही तपासणी) करतात. वायमधली तूट मुलगा झाला तर त्याच्याकडे जाते, हे आधीच समजून घ्या.

त्या पावसाळ्यातल्या मुलाने तीन महिने ताकदीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. जनुकाचा दोष गोळीने जात नाही. इक्सीत शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात, तिथे पोहावं लागत नाही. हे सांगितल्यावर तो खुर्चीत नीट टेकून बसला, आणि पुढच्या वेळी रिपोर्ट न्यायला स्वतः आला.