विश्वासात टिकून राहायचंय? मग या चुका टाळा

एखाद्या संध्याकाळी बसून "आजपासून देवाचा आणि माझा संबंध संपला" असं सहसा कुणी ठरवत नाही. आधी प्रार्थना घाईत उरकते, मग अंथरुणात पडल्या पडल्या होते, मग आज राहिली उद्या करू, मग चर्चला जायला नको वाटतं कारण कुणी "काय, कसं चाललंय?" विचारलं तर सांगायचं काय, आणि असं करत करत वर्ष निघून जातं. नव्या करारातल्या देमासचं बघा ना. प्रेषित पौल कलस्सैकरांना लिहिताना त्याचा सलाम कळवतो, फिलेमोनाच्या पत्रात त्याला सहकारी म्हणतो, आणि २ तीमथ्य ४:१० मध्ये त्याचा विषय एका ओळीत संपतो, त्याला हे जग प्रिय झालं आणि तो मला सोडून थेस्सलनीकाला गेला. मधे काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही, पण बिघाड त्या मधल्या काळातच झाला असणार. आपण इथे त्या मधल्या काळाबद्दलच बोलूया.

चूक: काही वाटेनासं झालं म्हणजे देव दूर गेला असं धरून चालणं

ही सगळ्यात कॉमन. नव्याने विश्वासात आल्यावर कोरस म्हणताना डोळ्यात पाणी यायचं, वचन वाचलं की आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटायचं, आणि आता तेच वाचन कोरडं ठाक. मग माणूस स्वतःला तपासत बसतो, कुठलं पाप राहिलंय, माझं तारण तरी झालंय का.

हा प्रकार नवा नाही हो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इवाग्रियस नावाचा मठवासी राहायचा, त्याने याला दुपारचं भूत म्हटलंय. त्याचं वर्णन वाचलं तर हसू येतं इतकं ओळखीचं आहे: सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, मठातले भाऊसाहेब सारखे खिडकीतून बाहेर डोकावतात, जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे ते बघतात, आणि मग हळूच विचार येतो की इथल्या लोकांत आता प्रेमच उरलं नाही, दुसरीकडे कुठे गेलो असतो तर किती बरं झालं असतं. त्याचा उपाय अगदी साधा, खोली सोडू नकोस. सोळाव्या शतकात येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोलानेही जवळपास हेच सांगितलं, मन कोरडं असताना आधी घेतलेले निर्णय बदलायचे नाहीत. चर्च सोडायचंय, सेवा सोडायचीय, प्रार्थनेची वेळ बदलायचीय, तर बदला, पण मन ताळ्यावर आल्यावर.

आणि पाप शोधायच्या आधी शरीराकडे बघा, हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे क्रम बरोबर उलटा असतो. १ राजे १९ उघडा. कर्मेल डोंगरावर बालाच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय झाल्यावर संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतोय. देव त्याला लेक्चर देत नाही. देवदूत येतो, उठ खा म्हणतो, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी असतं, तो खातो आणि परत झोपतो, मग देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, परत खायला घालतो. होरेब डोंगर, तो मंद वाणीचा प्रसंग, तू इथे काय करतोयस हा प्रश्न, हे सगळं त्यानंतर. तेव्हा झोप होतेय का, जेवण होतंय का, घरात कुणी गेलंय का, औषधं बदललीत का हे आधी. उदासी आठवडेच्या आठवडे उतरत नसेल तर डॉक्टरकडे जा, त्याने विश्वास कमी ठरत नाही. मरणाचे विचार येत असतील तर आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर तयार शब्द घ्या, प्रभूची प्रार्थना आहे, स्तोत्रं आहेत. ८८ वं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी गोड वळण वगैरे काही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवालाच उद्देशून आहे.

चूक: जोशात घेतलेला प्लॅन

वर्षात अख्खं बायबल. एकूण ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्ती ५०, निर्गम ४०, म्हणजे जानेवारीच्या शेवटी शेवटी लेवीय उघडतं, होमबली, अन्नबली, कुष्ठरोगाचे नियम, आणि तिथेच गाडी अडकते. दोन दिवस सुटतात, अॅप लाल रंगात बॅकलॉग दाखवतं, मग शनिवारी बसून सगळं भरून काढायचं ठरतं, ते होत नाही, आणि फेब्रुवारीत अॅपच डिलीट.

बॅकलॉग भरू नका. सुटलं ते सुटलं, आजचं वाचा. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, पण रोजचा रोज गोळा करायचा होता. रोज एक अध्याय, तोही जमत नसेल तर मार्कमधला एक प्रसंग, पण ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी. दानीएल ६:१० मध्ये राजाशिवाय कुणाकडेही प्रार्थना करायला बंदी आल्यावर दानीएल काही स्पेशल करत नाही, आधी करायचा तसंच दिवसातून तीनदा गुडघे टेकतो, एवढंच.

चूक: पडल्यावर लपणं

माझ्या मते माणसं पापामुळे जेवढी जात नाहीत तेवढी पापानंतरच्या लपण्यामुळे जातात. जुनी सवय परत उफाळली, मग प्रार्थना करायची लाज, मग "आधी सुधारतो मग येतो", आणि ते सुधारणं काही होत नाही कारण सुधारायची जागाच बंद करून ठेवलेली असते.

इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना बळी द्यायचे. अधिकाऱ्यांसमोर अर्पण करायचं, बळीचं मांस चाखायचं आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये असे दाखले पपायरसवर आजही सापडलेत. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी घाबरून बळी दिले, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसं चर्चच्या दारात परत आली. रोमच्या चर्चमधला पाळक नोव्हेशियन म्हणाला, यांना घ्यायचंच नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि २५१ ची तिथली परिषद म्हणाली की घ्यायचं, पण पश्चात्तापाची शिस्त लावून, आणि ज्याने प्रत्यक्ष बळी दिला त्याची वाट जास्त लांब. चर्चने बहुतांशी हाच मार्ग धरला. येशूचा शिष्य पेत्राचंही तेच, त्याने येशूला नाकारायच्या आधीच येशू त्याला सांगतो की मी तुझ्यासाठी विनंती केलीय आणि तू वळलास की भावांना स्थिर कर (लूक २२:३२). म्हणजे परत यायची वाट पडायच्या आधीच तयार होती.

मग करायचं काय? त्याच दिवशी देवाला सांगा, नटवून नाही, जे झालं ते त्याच नावाने. आणि एका माणसाला सांगा, याकोब ५:१६. जो तुमची गोष्ट "प्रार्थनेसाठी" म्हणून चार जणांना फॉरवर्ड करेल असा नको, हा प्रकार किती बोकाळलाय ते सगळ्यांना माहितीय. मोठं भाषण लागत नाही, "मी परत तिथेच गेलो, उद्या फोन कर आणि विचार" एवढं बस. मात्र आपल्या पापाने दुसऱ्या कुणाला इजा झाली असेल तर देवाजवळ कबूल करून विषय मिटत नाही, त्या माणसाचं नुकसान भरून द्यायचं आणि गुन्हा असेल तर कायद्यासमोर उभं राहायचं.

चूक: सेवा चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे

साऊंड, संडेस्कूल, युथ मीटिंग, सगळीकडे तुमचंच नाव. इफिसच्या मंडळीकडे कामं होती, श्रम होते, धीर होता, तरी प्रकटीकरण २:४ मध्ये पहिली प्रीती सोडल्याची तक्रार आहेच. चेक करायला सोपं: शिकवायची तयारी सोडून शेवटचं वचन कधी वाचलं? आठवत नसेल तर एक जबाबदारी कमी करा, कुणी रागावलं तर रागावू दे.

चूक: टिकणं म्हणजे काहीही सहन करणं

नाही. पाळक पैशाचा हिशेब देत नाही, विचारलं की शाप देतो, किंवा घरात मारहाण होतेय आणि वरून "वधस्तंभ उचल" ऐकवलं जातंय, तर तिथून निघणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळा असं येशूनेच सांगितलंय, मत्तय १०:२३, आणि पौल दिमिष्कातून टोपलीत बसून भिंतीवरून उतरला होता. तिथून निघाल्यावर एकटे राहू नका, दुसरी संगती शोधा, वेळ लागला तरी चालेल.

आणि कुणी दुसरं गळत असेल तर

त्याला इब्री १०:२५ चा फोटो पाठवू नका. एकत्र यायचं सोडू नका हे त्यालाही पाठ आहे. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याबरोबर सुवार्तेच्या प्रवासाला निघालेला योहान मार्क पंफुल्यातून परत फिरला तेव्हा पौल त्याला पुन्हा बरोबर न्यायला तयारच नव्हता, बर्णबाने न्यायचं ठरवलं, दोघांचं एवढं वाजलं की वाटा वेगळ्या झाल्या. पुढे त्याच पौलाने तीमथ्याला लिहिलं की मार्काला घेऊन ये, तो माझ्या कामाचा आहे, आणि ते देमासची बातमी दिली त्याच अध्यायात, पुढच्याच वचनात. तुम्ही बर्णबा व्हा. "बरेच दिवस दिसला नाहीस" असं लिहिलं तर ते हजेरीसारखं वाटतं, त्यापेक्षा "बुधवारी मोकळा आहेस का, मी येतो" लिहा, आणि गेल्यावर पहिला अर्धा तास चर्चचा विषय काढू नका.