आशियातील लोकसंख्या-अभ्यासकांची संघटना उभारायची असेल तर

आपल्या खंडातील लोकसंख्या-अभ्यासकांची स्वतंत्र संघटना असावी, हा विचार बहुधा एखाद्या परिषदेच्या जेवणाच्या सुट्टीत निघतो आणि परतीच्या प्रवासात विरून जातो. तो विरू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी घटनेचा मसुदा करायला बसण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढावे : या संघटनेचा सभासद कोण असणार, देश की माणूस? प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु मतदान कसे घ्यावे, वर्गणी किती ठेवावी, नोंदणी कोठे करावी आणि सरकारांशी किती अंतर राखावे, या साऱ्यांची उत्तरे त्या एका उत्तरावर अवलंबून असतात.

या शास्त्राच्या जागतिक संघटनेने हा धडा फार महाग शिकला आहे. १९२७ मध्ये जिनेव्हा येथे पहिली जागतिक लोकसंख्या परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय संघाची स्थापना झाली. त्या संघाची बांधणी देशोदेशीच्या राष्ट्रीय समित्यांवर होती. १९३५ चे अधिवेशन बर्लिनला भरले, तेव्हा तेथील नाझी राजवटीने वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचारासाठी त्या व्यासपीठाचा उपयोग करून घेतला. महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, संघाची पुनर्रचना झाली ती वैयक्तिक सभासदत्वाच्या पायावर. ज्याला आज प्रादेशिक संघटना उभारायची आहे त्याने याहून वेगळा पाया शोधण्याच्या भरीस पडू नये.

आशियात तर याची गरज अधिकच आहे, कारण येथील लोकसंख्या-अभ्यासक प्रथम एकत्र आले ते सरकारांच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली. १९५६ मध्ये भारत सरकार, सर दोराबजी टाटा ट्रस्ट आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या सहकार्याने मुंबईत लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र सुरू झाले. देवनारची आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. आशियातील अनेक देशांच्या सांख्यिकी खात्यांतील अधिकारी येथे शिकून गेले. पुढे १९६३ मध्ये नवी दिल्लीत पहिली आशियाई लोकसंख्या परिषद भरली. मग टोकियो १९७२, कोलंबो १९८२, बाली १९९२ आणि बँकॉक २००२ असा क्रम लागला. या परिषदा सरकारी शिष्टमंडळांच्या होत्या. त्यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही, पण शिष्टमंडळातला माणूस आपल्या देशाच्या आकडेवारीतील खोट चारचौघांत सांगत नाही, आणि संशोधकाचे निम्मे काम ती खोट सांगणे हेच असते. अमेरिकेत अभ्यासकांची संघटना १९३१ मध्ये, युरोपात १९८३ मध्ये आणि आफ्रिकेत १९८४ मध्ये निघाली. आशियाई लोकसंख्या संघटनेचे पहिले अधिवेशन मात्र नवी दिल्लीत नोव्हेंबर २०१० मध्ये भरले. जगातील सुमारे साठ टक्के माणसे ज्या खंडात राहतात, त्या खंडाला हे सुचायला एवढा वेळ लागला. आता खंडव्यापी संघटना असताना नवे काही उभारायचे तर ते बहुधा दक्षिण आशियापुरते, किंवा स्थलांतर, वार्धक्य अशा एखाद्या विषयापुरते असेल; पायऱ्या मात्र त्याच राहतात.

पहिली पायरी म्हणजे सभासदांची यादी. घटना नव्हे, बोधचिन्ह नव्हे आणि संकेतस्थळ तर मुळीच नव्हे. निदान दहा देशांतील पन्नास-साठ माणसांची नावे, त्यांची संस्था, संशोधनाचा विषय आणि 'मी वर्गणी भरीन' असे त्यांचे लेखी उत्तर हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. नुसती सदिच्छा सभासदत्वात मोजू नये. यादी करताना केवळ विद्यापीठांतील प्राध्यापकांकडे पाहू नये. जनगणना कार्यालयांतील सांख्यिकी अधिकारी, आरोग्य पाहण्यांत काम करणारे, पीएच.डी. करणारे विद्यार्थी यांना सुरुवातीपासून घ्यावे. सरकारी नोकराला वैयक्तिक नात्याने सभासद होता येते, असे घटनेत स्पष्ट शब्दांत लिहावे, म्हणजे त्याला ते वाक्य आपल्या वरिष्ठांना दाखवता येते.

सभासदत्वाच्या अर्जाकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण एका छोट्या प्रादेशिक गटाचे सभासद-पुस्तक मी काही वर्षे सांभाळले आहे. आमच्या अर्जात 'आडनाव' हा रकाना सक्तीचा होता. इंडोनेशियातील अनेकांना एकच नाव असते; त्यांनी तेच नाव दोन्ही रकान्यांत भरले. म्यानमारमध्ये आडनावाची पद्धतच नाही, त्यामुळे तेथील सभासदांनी नावाचा शेवटचा तुकडा तोडून आडनाव म्हणून दिला. चिनी सभासदांनी कधी आडनाव आधी लिहिले, कधी नंतर. वर्षअखेरीस एकाच बाईंची तीन नावांनी तीन वेळा नोंद झालेली आढळली. जनगणनेतील दुबार नोंदींवर निबंध वाचणाऱ्यांनी आपल्याच घरची मोजणी अशी करावी, यावर आम्ही पुष्कळ हसलो, पण पुढच्या निवडणुकीची मतदारयादी त्याच पुस्तकातून काढायची होती. तेव्हा 'पूर्ण नाव' असा एकच रकाना ठेवावा, 'छापताना नाव कसे लिहावे' असा दुसरा ठेवावा आणि प्रत्येकाला कधीही न बदलणारा सभासद क्रमांक द्यावा.

याच अर्जातील 'देश' हा रकानाही निरुपद्रवी नाही. तैवान किंवा हाँगकाँग येथील संशोधकाने काय लिहावे, यावरून संघटनेचे पहिले भांडण होऊ शकते आणि ते भांडण संशोधकांचे नसून त्यांच्या सरकारांचे असते. 'कार्यरत असलेला देश अथवा प्रदेश' असे शीर्षक द्यावे आणि यादी देशवार न छापता नावांच्या वर्णक्रमाने छापावी. माणूस हा सभासद आहे हे तत्त्व अशा ठिकाणी कामी येते. आशियाची हद्द कोठवर, हाही असाच प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या बँकॉक येथील आयोगाच्या कक्षेत पॅसिफिकमधील देश येतात, तर पश्चिम आशियातील अरब देशांसाठी बैरूतला वेगळा आयोग आहे. नकाशावर रेघ ओढत बसण्यापेक्षा 'आशियात राहणारी किंवा आशियाच्या लोकसंख्येवर काम करणारी व्यक्ती' अशी व्याख्या करावी; म्हणजे कॅनबेरातील किंवा लंडनमधील अभ्यासकही आत येतो. मात्र कार्यकारिणीतील बहुसंख्य जागा आशियात काम करणाऱ्यांसाठी राखाव्यात.

आता नोंदणी. याच ठिकाणी उत्साह सर्वाधिक आटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नोंदणी भारतात करायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जणांच्या सह्यांनी संस्था स्थापन करता येते. महाराष्ट्रात तिची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही करावी लागते. येथवर सारे सरळ आहे. अडचण येते ती परदेशी पैशाची. परकीय अंशदान (म्हणजे परदेशातून येणारी देणगी) नियमन कायद्याखालील नोंदणीसाठी संस्था निदान तीन वर्षे चालू असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कार्यावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो. नव्या प्रादेशिक संघटनेचे सभासदच मुळी देशोदेशी विखुरलेले असतात. त्यांची वर्गणी ही सेवेबद्दलचे शुल्क धरली जाईल की अंशदान, यावर सनदी लेखापालाचे लेखी मत पहिला रुपया घेण्याआधीच मिळवावे.

या कटकटीतून निघण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे एखाद्या विद्यापीठाने किंवा संशोधन संस्थेने सचिवालयाला आसरा देणे. एक खोली, अर्धवेळ सचिव आणि संस्थेच्या हिशेबात वेगळे खाते एवढ्यावर पहिली चार-पाच वर्षे निभावतात. पण हा आसरा तोंडी नसावा. करारात तीन गोष्टी असाव्यात : संघटनेचा पैसा यजमान संस्थेच्या पैशात मिसळणार नाही, सभासद-पुस्तकावर मालकी संघटनेची राहील, आणि यजमान संस्थेचा संचालक पदसिद्ध अध्यक्ष होणार नाही. तिसरी अट सांगायला संकोच वाटतो; तरीही ती सांगावी.

वर्गणीच्या बाबतीत भावना बाजूला ठेवून हिशेब करावा. समजा, वर्षाची वर्गणी वीस डॉलर ठेवली आणि काठमांडूच्या सभासदाने ती बँकेतून पाठवली, तर दोन्हीकडच्या बँकांचे शुल्क वजा होऊन संघटनेच्या हाती फारसे उरत नाही, आणि प्रसंगी पाठवण्याचा खर्च वर्गणीपेक्षा अधिक होतो. म्हणून वर्गणी परिषदेच्या चक्राला जोडावी, म्हणजे दोन किंवा तीन वर्षांची एकदम घ्यावी, शक्यतो परिषदेच्या नोंदणीबरोबर. जपान, कोरिया किंवा सिंगापूर येथील प्राध्यापकाला जो दर परवडतो तो नेपाळ किंवा कंबोडियातील व्याख्यात्याला परवडत नाही, तेव्हा उत्पन्नगटानुसार निदान तीन दर ठेवावेत आणि विद्यार्थ्यांचा चौथा. आजीव सभासदत्वाचा मोह आवरावा; त्यातून पहिल्या वर्षी तिजोरी भरते आणि पुढची तीस वर्षे टपाल फुकट पाठवावे लागते.

घटना आठ-दहा पानांची पुरे. तिच्यात अध्यक्षाची मुदत एक चक्र आणि पुन्हा उभे राहण्यास मनाई, पुढच्या अध्यक्षाची निवड आधीच्या चक्रात, दूरस्थ मतदानाची सोय, आणि पूर्व, आग्नेय, दक्षिण व पश्चिम-मध्य आशिया यांना कार्यकारिणीत किमान एकेक जागा, एवढे असावे. गणपूर्ती टक्केवारीत ठेवू नये. सभासद बारा देशांत असताना एक-तृतीयांश उपस्थितीची अट घातली तर कोणतीच सर्वसाधारण सभा वैध ठरणार नाही.

भाषेचा प्रश्न लवकर मिटवावा. आफ्रिकेच्या संघटनेला इंग्रजी व फ्रेंच या दोन भाषांवर भागवता आले; लॅटिन अमेरिकेच्या संघटनेला स्पॅनिश व पोर्तुगीज पुरल्या. आशियात इंग्रजीवाचून इलाज नाही, आणि ती इथल्या बहुतेकांची भाषा नाही. तेव्हा परिषदेसाठी आलेल्या निबंधांच्या गोषवाऱ्यांची निवड करताना समीक्षकांना स्पष्ट सूचना द्यावी की माहितीचा स्रोत, पद्धत आणि प्रश्नाचे नावीन्य यांवर गुण द्यावेत, इंग्रजीच्या सफाईवर नव्हे. निवड झालेल्यांचे निबंध तपासून द्यायला ज्येष्ठ सभासदांपैकी कोणी पुढे आले तर ती सेवा कोणत्याही मुख्य भाषणापेक्षा मोलाची ठरते.

पहिली परिषद दीड वर्ष आधी जाहीर करावी आणि जागतिक संघाच्या चार वर्षांनी येणाऱ्या परिषदेचे वर्ष टाळावे. दिल्लीनंतर आशियाई संघटनेची अधिवेशने बँकॉक (२०१२), क्वालालंपूर (२०१५) आणि शांघाय (२०१८) येथे झाली, २०२१ मध्ये साथीमुळे दूरस्थ पद्धतीने, आणि २०२४ मध्ये काठमांडूला. ठिकाण निवडताना सभागृहाच्या आधी व्हिसाचा विचार करावा. भारतात आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर परराष्ट्र आणि गृह या दोन्ही मंत्रालयांच्या परवानगीची वाट पाहावी लागते, आणि ती हाती येईपर्यंत परदेशी पाहुण्याला परिषदेचा व्हिसा मिळत नाही. निमंत्रणपत्रावर पारपत्रातील नाव अक्षरशः जसेच्या तसे असावे. येथे पुन्हा तो 'पूर्ण नाव' रकाना उपयोगी पडतो. प्रवासखर्चासाठी मिळालेली मदत दहा ज्येष्ठांना पूर्ण देण्यापेक्षा वीस तरुणांना अर्धी द्यावी.

विषयांची निवड करताना खंडातील तफावत झाकू नये. दक्षिण कोरियाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी अपत्ये, २०२३ मध्ये ०.७२ वर आला होता, भारताचा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत २.० होता, आणि अफगाणिस्तानात तो अद्याप चारच्या वर आहे. एकाच सत्रात या तिघांना बसवले तर चर्चा रंगते, कारण एकाची भीती ही दुसऱ्याची आशा असते. धोरणावर संघटनेने ठराव करावेत का, यावर मात्र मतभेद होतील. माझे मत असे की अपत्यसंख्येवरील बंधने किंवा प्रोत्साहने यांवर संघटनेने स्वतः भूमिका घेऊ नये, ती सभासदांनी आपापल्या नावाने घ्यावी. पण जनगणना वेळेवर व्हावी, तिची कच्ची माहिती संशोधकांना मिळावी आणि आकडेवारी मांडल्याबद्दल कोणाची नोकरी जाऊ नये, या तीन बाबींवर गप्प बसू नये. भारताची २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, तेव्हा सर्वांना २०११ च्या आकड्यांवरच अंदाज बांधावे लागले.

स्वतःचे नियतकालिक लगेच काढू नये. आशियाई लोकसंख्येला वाहिलेले इंग्रजी नियतकालिक सिंगापूरहून २००५ पासून, म्हणजे खंडाच्या संघटनेच्या पहिल्या अधिवेशनाआधीच, निघू लागले होते. असलेल्या नियतकालिकात विशेषांकाची जागा मागणे स्वस्त पडते.

शेवटी पदभार देण्याची रीत, जी कोणीही घटनेत लिहीत नाही. सरचिटणीस बदलताना नव्याच्या हाती द्यायच्या वस्तूंची यादी आधीच करावी : सभासद-पुस्तकाची अद्ययावत प्रत, बँकेच्या सह्यांचे बदललेले अधिकारपत्र, लेखापरीक्षकाचे शेवटचे पत्र, यजमान संस्थेशी झालेला करार, संकेतस्थळ कोणाच्या नावावर घेतले आहे त्याची पावती, आणि संघटनेच्या ईमेल पेटीचा परवलीचा शब्द. ही पेटी कोणा व्यक्तीच्या खासगी दूरध्वनी क्रमांकाशी जोडलेली नसावी. आमच्या गटात ती जोडलेली होती. संबंधित गृहस्थ निवृत्त झाले, क्रमांक बदलला, आणि दोनशे सभासदांचे पत्ते आठ महिने कुलूपबंद राहिले.