भाड्याच्या फ्लॅटचा मेंटेनन्स: भाडेकरूनं काय भरायचं आणि एचआरएत (घरभाडे भत्त्यात) काय बसतं

आमची इमारत सांगलीत, गावभागात. सोळा फ्लॅट, एक लिफ्ट, आणि गेली नऊ वर्षं हिशेबाची वही माझ्याकडे. शाळेतून निवृत्त झाले आणि सभासदांनी खजिनदार केलं. तेव्हापासून भाडेकरू मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत आलेत: "काकू, मालक भाड्याशिवाय मेंटेनन्स मागतात. तो सगळा आम्हीच भरायचा का?"

मागच्या मार्चमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आला. मूळचा जतचा, नोकरीला बँकेत, घरी बायको आणि सहा महिन्यांची मुलगी. भाडं ११,००० आणि वर मेंटेनन्सचे २,३६०. वर्षभर तो निमूट भरत होता. बिल त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, कारण ते मालकाच्या फोनवर जातं.

म्हणून आधी बिलाची प्रत मागा. नुसता आकडा घेऊ नका, ओळी बघा. सोसायटीच्या दृष्टीनं देणेकरी सभासद असतो, म्हणजे मालक. तुम्ही काय भरायचं हे तुमच्या लिव्ह अँड लायसन्स करारात ठरतं. करारात "मेंटेनन्स भाडेकरूकडे" एवढंच मोघम लिहिलं असेल, तर भांडण तिथूनच सुरू होतं.

त्या मुलाला मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि त्याच्या फ्लॅटचं बिल समोर ठेवलं. पहिली ओळ सेवाशुल्काची, ९०० रुपये. वॉचमन ९,०००, झाडलोट ३,०००, जिन्यातले दिवे आणि मोटरची वीज १,६००, ऑडिट, स्टेशनरी वगैरे ८००. एकूण १४,४००, भागिले सोळा. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे कारभाराच्या छापील नियमांप्रमाणे, सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखं असतं, फ्लॅट एका खोलीचा असो नाहीतर तीन खोल्यांचा. पुढे लिफ्टचे १५०. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखाच, वापरा किंवा नका वापरू. यावरून तळमजल्यावरच्या आजी दर वार्षिक सभेत उठतात, "मी कुठं वर जाते गं?" म्हणतात. मी उपविधीचं पान उघडून त्यांच्या हातात देते. त्या चष्मा लावून पूर्ण वाचतात आणि पैसे देतात. पाण्याचे १२०, हे फ्लॅटमधले नळ किती आणि किती जाड यावर ठरतात. दुचाकीच्या पार्किंगचे १००, हा दर सर्वसाधारण सभा ठरवते.

इथवरचे १,२७० रुपये राहणाऱ्यानं भरावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वॉचमन त्याच्या दारावर आहे, पाणी त्याच्या बादलीत पडतंय.

पुढच्या तीन ओळींवर मात्र मी पेन्सिलीनं खूण केली. दुरुस्ती निधी ७५०, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) २५०, नॉन-ऑक्युपन्सी ९०. दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के घ्यायचा असतो, जागेची किंमत सोडून. फ्लॅटचा बांधकाम खर्च १२ लाख, म्हणून वर्षाला ९,००० आणि ३,०००. हा पैसा इमारतीच्या उद्यासाठी साठतो. स्लॅबची दुरुस्ती दहा वर्षांनी झाली, तर तेव्हा हा मुलगा इथे असेल का? फ्लॅटची किंमत राखली जाते ती मालकाची.

नॉन-ऑक्युपन्सी तर फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल मालकाला लागणारं शुल्क. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानं ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी असे घरचे राहत असतील तर लागतच नाही. मालमत्ता कर आणि विमा या ओळी बिलात असल्या, तर त्याही मालकाच्याच बाजूला धरा.

एकदाच मागितलेल्या मोठ्या वर्गणीबाबत तर फारच सावध राहा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमची मीटरची खोली आणि पाण्याची मोटर बुडाली. गाळ उपसणं, मोटर भरून घेणं, नवीन वायरिंग, एवढं दुरुस्ती निधीत बसेना, म्हणून सभेत ठराव करून प्रत्येक फ्लॅटमागे ३,५०० घेतले. एका मालकानं ते जसेच्या तसे भाडेकरूवर ढकलले. ते कुटुंब आठ दिवस पूरग्रस्तांच्या छावणीत राहून नुकतं परतलं होतं, ज्वारीचं पोतं भिजून त्याला कोंब आले होते. मी त्यांच्या दारात उभं राहून सांगितलं, हे पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. आणि मालकाला फोन करून तेच सांगितलं.

आता एचआरए. त्या मुलाचा दुसरा प्रश्न हाच होता, कारण ऑफिसात त्यानं भाडं १३,३६० दाखवलं होतं. घरभाडे भत्त्याची करसूट भाड्यावर मिळते. सोसायटीचा मेंटेनन्स किंवा महावितरणचं बिल वेगळं भरत असाल, तर ते भाडं नाही. हिशेब तीन आकड्यांचा: मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा करून उरलेली रक्कम, आणि पगाराचे चाळीस टक्के. सांगलीला चाळीसच. यांत जो सर्वांत लहान, तेवढी सूट. त्याचा मूळ पगार ४०,०००, भत्ता ९,०००. अकरा हजारांतून चार हजार गेले, उरले सात. चाळीस टक्के म्हणजे १६,०००. म्हणून सूट महिन्याला ७,०००. मेंटेनन्स मिळवून त्यानं ९,००० धरली होती. ती दुरुस्त करून घेतली, नोटीस येण्याआधी.

ही सूट जुन्या करप्रणालीतच आहे. नवीन प्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, म्हणून जुनी हवी असेल तर तसं निवडावं लागतं. आणि वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. इथे १,३२,००० होत होतं.

तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, तर वाटणी वेगळी. १९७० च्या कायद्याखाली सामाईक खर्च फ्लॅटच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यांनुसार पडतो. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे प्रत्येक फ्लॅटचा हिस्सा लिहिलेला इमारतीचा नोंदलेला दस्त, बघा.

मालकाशी बोलताना कागद पुढे करा, आवाज चढवू नका. त्या बँकेतल्या मुलाचे घरमालक पुण्यात असतात. फोनवर आधी चिडले, मग बिलाच्या तीन ओळींचा फोटो पाठवल्यावर दोन दिवसांनी "बरं" म्हणाले. जून महिन्यात करार नवा झाला, तेव्हा त्यात मी हे वाक्य घालायला लावलं (लायसन्सी म्हणजे भाडेकरू, लायसन्सर म्हणजे मालक): "सेवाशुल्क, लिफ्ट, पाणी व पार्किंग शुल्क सोसायटीच्या बिलाप्रमाणे लायसन्सी भरेल, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, मालमत्ता कर, विमा व कोणतीही विशेष वर्गणी लायसन्सर भरेल." करार नोंदणीकृतच करा. भाडे नियंत्रण कायद्यानं तो लेखी आणि नोंदवलेला असणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी मालकाची.